तालुका कृषी कार्यालय : तीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

आधी हे सांगून टाकते, कारण यापायी माझे दोन हेलपाटे आणि खुरपणीचा एक अख्खा दिवस वाया गेला होता. तालुक्याच्या गावाला कृषी कार्यालयं दोन असतात. एक तालुका कृषी अधिकाऱ्यांचं. ते राज्याच्या कृषी खात्याचं, आणि त्याची दोरी उपविभाग, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, विभागीय सहसंचालक अशी चढत पुण्याच्या कृषी आयुक्तालयात जाते. दुसरं पंचायत समितीत बसतं, ते जिल्हा परिषदेचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून हा दोन चुलींचा संसार चालू आहे. पाटीवर दोन्हीकडे ‘कृषी’च लिहिलेलं. मी फवारणी पंपाचा अर्ज घेऊन एकीकडे गेले, त्यांनी दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडचे म्हणाले, “ते गेल्या वर्षी आमच्याकडं होतं, औंदा नाही.” पुन्हा पहिल्या दारात. तिथला शिपाई मला बघून हसला, कारण त्या दिवशी अशी मी चौथी होते.

ढोबळ मानानं लक्षात ठेवा: ठिबक, शेततळं, फळबाग, ट्रॅक्टरची अवजारं यासाठी तालुका कृषी अधिकारी. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांची आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, आदिवासींची बिरसा मुंडा योजना, बायोगॅस यासाठी पंचायत समिती. हा अभिप्राय पहिल्या कार्यालयाचा आहे. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साहेब बदलतात, आणि मला त्याच दारातून पुन्हा आत जायचंय.

मी सोलापूर जिल्ह्यातली, माणदेशाच्या कडेची. घरची अकरा एकर, त्यातली साडेचार माझ्या नावावर. डाळिंब, रब्बी ज्वारी, थोडी तूर, थोडी बाजरी. लग्न होऊन या घरात आले ते १९९४ साली आणि कृषी कार्यालयाची पायरी पहिल्यांदा चढले १९९५ ला, म्हणजे खातं मला तीस वर्षांपासून ओळखतं. आमच्या जमिनीला मात्र ते माझ्या आधीपासून ओळखतं.

आमचे मामंजी आता त्र्याऐंशीचे आहेत. ते पंधरा-सोळा वर्षांचे असताना शेतात ‘बंडिंगवाले’ आले होते. तिपाईवर दुर्बीण लावायची, समोरच्या माणसानं रंगीत पट्टी धरायची, आणि जिथं उंची सारखी येईल तिथं चुन्याचे ठिपके टाकत पुढं जायचं. मामंजी सांगतात, ते ठिपके बघून त्यांचे वडील चिडून लाल झाले. धुरा सरळ, आणि ठिपके चालले सापासारखे, सरळ शेताच्या मधून! औत वळवायचं कुठं? पण १९४२ चा मुंबई प्रांताचा जमीन सुधारणा कायदा होता, आणि गावाची योजना मंजूर झाली की एकट्यादुकट्याच्या ‘नाही’ला वजन नसायचं. ताल, म्हणजे उताराला आडवा मातीचा बांध, घातली गेली. खर्चाचा शेतकऱ्याचा वाटा कर्ज म्हणून नावावर टाकला गेला. आमच्या सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त ‘बंडिंग बोजा’ ही नोंद आजही आहे. नवीन पिढीतल्या कुणाला ती दाखवली तर त्याला वाटतं बँकेचं काहीतरी थकलंय.

आता त्या तालीची खरी किंमत. तिच्या वरच्या अंगाला साठ-पासष्ट वर्षांचा गाळ साचलाय. खालच्या अंगाची ज्वारी कमरेला लागते तेव्हा वरच्या अंगाची डोक्याच्या वर गेलेली असते. ज्या पणजोबांनी शिव्या दिल्या त्यांनीच पुढं दर वर्षी दिवाळीनंतर ताल डागडुजी करायची सवय घरात लावली. मला विचाराल तर खात्यानं आमच्या शेतात केलेल्या कामांपैकी सगळ्यात टिकाऊ काम हेच, आणि ते ना आम्ही मागितलं होतं ना आम्हाला आवडलं होतं.

हे खातं निघालं कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं. थोरली लेक कृषी पदवीला राहुरीला होती, तिच्या वह्या चाळताना. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ, त्यात माणसं मेली, इंग्रजांनी दुष्काळ आयोग नेमला, आणि त्या आयोगाच्या शिफारशीवरून १८८३ साली मुंबई इलाख्यात कृषी खातं सुरू झालं. शेतकऱ्याच्या मायेनं नव्हे हो. शेतसारा बुडू नये आणि पुढच्या दुष्काळाची चाहूल आधी लागावी, म्हणून. सुरुवातीची बरीच वर्षं पीकपाणी नोंदवणं, आकडे गोळा करणं हाच मोठा उद्योग. हा खात्याच्या रक्तातला गुण अजून गेलेला नाही. आजही कृषी सहायक शेतात आला की आधी खिशातून मोबाईल काढून आमचा फोटो घेतो, मग ‘रामराम काकू’.

(माझं माहेर लातूरकडचं. तिकडं तेव्हा निजामाचा अंमल, आणि विदर्भही मुंबई इलाख्यात नव्हता. त्यामुळं ‘महाराष्ट्राचं कृषी खातं १८८३ पासून’ हे वाक्य आमच्या माहेरी तरी लागू नाही. पण सासरी लागू आहे, आणि मामंजी ते चहा पिताना सांगतात.)

आकडे गोळा करता करता त्यांतल्या काही माणसांनी शेतीही केली. पुण्याचं कृषी महाविद्यालय १९०७ चं. तिथले प्राचार्य हॅरॉल्ड मान पुढं इलाख्याचे कृषी संचालक झाले. या माणसानं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात घराघराचा हिशेब मांडून बघितला होता, की जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, पोट कशावर भरतं. आज तिथं उंच इमारती आहेत, ते सोडा. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ ला आलं. आणि मोहोळच्या केंद्रात गावरान मालदांडीतून कणसं निवडत निवडत जी तयार झाली ती मालदांडी ३५-१. शहरात ‘बार्शीची शाळू’, ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ म्हणून जे पोतं तुम्ही कौतुकानं घेता, त्यात बहुतेक हीच असते. नव्वद वर्षांत खात्यानं आणि विद्यापीठांनी कितीतरी नवे वाण दिले. उतारा जास्त देणारेही आहेत, आणि मी दोन लावूनही बघितले. पण भाकरी थापताना काठ फुटू नयेत, दुसऱ्या दिवशी शिळी भाकरी दुधात मऊ व्हावी आणि कडबा म्हशीनं शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खावा, या तिन्ही परीक्षांत मालदांडीच पास. म्हणून एक एकर तिच्याच नावची.

याच्या उलट अनुभवही घरात आहे. १९७२ च्या दुष्काळात मामंजी खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) आली ती खाल्ली. त्याच सुमारास संकरित ज्वारीचा जोर होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री, आणि त्यांचा ‘अन्नधान्यात स्वयंपूर्ण’ हा ध्यास. त्यांचा १ जुलै हा जन्मदिवस म्हणून खातं आजही कृषी दिन करतं. हायब्रीडनं कणग्या भरल्या, हे आमच्या आत्याबाईही नाकारायच्या नाहीत. फक्त पुढं एवढंच म्हणायच्या, “भरलं पोट, पण भाकरीला चव नव्हती बाई.” खात्याच्या फायलीत पहिलं वाक्य असणार, दुसरं नसणार.

आता सेवेबद्दल. मी जे बघितलं ते.

या खात्याचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे शेतात येणारा माणूस, आणि सगळ्यात कमी मिळणारा भागही तोच. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना आली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावात, ठरलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर कृषी सहायकानं यायचं म्हणजे यायचं. मामंजी गावचे ‘संपर्क शेतकरी’ होते. त्यांची एक वही आहे, पुठ्ठा निघालेली. त्यात एका पानावर एवढंच लिहिलंय: ‘ज्वारी. गंधक ३०० मेश. किलोला ४ ग्रॅम. काणी येत नाही.’ काणी म्हणजे कणसावरचा बुरशीचा रोग. खाली सहायकाची सही.

मी घरात आले तेव्हा ती योजना संपत आली होती, पण तिचा एक माणूस उरला होता. लुनावरून यायचा. रब्बीच्या पेरणीआधी त्यानं मला अंगणात बसवून हे बीजप्रक्रियेचं काम शिकवलं. वर्तमानपत्रावर बियाणं पसरायचं, गंधकाची पुडी सोडायची आणि कागदाची चारी टोकं आळीपाळीनं उचलत बी घोळायचं, हातानं चोळायचं नाही. प्रत्येक दाण्यावर पिवळसर धूळ बसली की झालं. मग त्यानं शंभर दाणे मोजून घेतले, ओल्या गोणपाटावर दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून सुतळीनं बांधली आणि म्हणाला, “वहिनी, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, चार-पाच दिवसांनी मोजा. सत्तरच्या खाली आले तर पेरू नका, मला सांगा.” ब्याऐंशी आले. मी ते निरोप धाडून कळवलं, आणि तो नुसतं तेवढं ऐकून खूश झाला. त्यानंतर तीस वर्षांत दुकानदाराच्या पिशवीवर काहीही छापलेलं असो, मी गोणपाटाला विचारल्याशिवाय पेरत नाही. एका साली सत्तेचाळीस आले होते. पिशवी परत केली, दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण बदलून दिली. ही एका माणसाच्या अर्ध्या तासाची कमाई. या अर्ध्या तासाला पाचपैकी पाच.

१९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, आणि आमच्या भागाचा चेहरा तिनं बदलला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माळरानाला कोण विचारत होतं? अल्पभूधारकाला खड्डे खोदण्याच्या मजुरीपासून रोपांपर्यंत खर्च सरकारचा. आपल्याच शेतात खड्डे खोदून आपल्यालाच मजुरी, यावर गावात आधी कुणाचा विश्वास बसला नव्हता. आम्ही १९९५ ला दीड एकरात पाच बाय पाच मीटरवर डाळिंबाची ‘गणेश’ वाणाची २४० झाडं लावली. हा गणेश वाणही पुण्याच्या गणेशखिंडीतला, म्हणजे पुन्हा खात्याच्याच आवारातलं पोर. रोपं जगली तरच पुढच्या वर्षीचा हप्ता, असा नियम. त्यासाठी जो मोजायला यायचा तो ओळीच्या कडेनं चालून अंदाज नाही बांधायचा; चुन्यात बुडवलेली काठी घेऊन प्रत्येक झाडापाशी टेकवत जायचा. २४० पैकी २३१ भरली. नऊ मेलेली त्यानं मलाच दाखवली आणि कुठं पाणी कमी पडलं ते सांगितलं. हिशेबाला आलेला माणूस सल्ला देऊन जातो, असं हल्ली होत नाही.

पुढं ‘भगवा’ लावला, पैसा बघितला, आणि मग तेल्या आला. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते: फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग, मग तो इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा तडकतो, आणि व्यापारी गाडीतून न उतरता मान हलवून जातो. केंद्र सरकारचं डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात २००५ ला झालं ते उगाच नाही. तेल्याच्या काळात तालुक्याच्या कार्यालयानं काय केलं? खरं सांगायचं तर औषध कुणाकडंच नव्हतं. दुकानदारानं मात्र दर आठवड्याला नवीन बाटली काढली. त्या वेळी मंडळ कृषी अधिकाऱ्यांनी आमच्या वस्तीवर बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक घेतलं. एक किलो मोरचूद एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये, एक किलो कळीचा चुना दुसऱ्यात, दोन्ही वेगवेगळे विरघळवून तिसऱ्यात एकदम ओतायचे, सगळं मिळून शंभर लिटर. मग त्यांनी माझ्याकडचा विळा मागितला आणि मिश्रणात बुडवला. वर काढला तर पात्यावर तांबूस झाक. “बघा काकू, चुना कमी पडला. असं मारलं असतं तर पानं जळली असती.” दोन ओंजळी निवळी घातल्यावर विळा पांढराच्या पांढरा निघाला. बाटल्यांवर उडवलेल्या पैशाचा हिशेब त्या दिवशी रात्री मी केला आणि नवऱ्याला दाखवला. तो काही बोलला नाही. बाग मात्र निम्मी काढावीच लागली, बोर्डोनं तेल्या थोपतो, जात नाही.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे.

१९९८ ला खात्यात ‘एक खिडकी’ झाली. त्याआधी बंडिंगवाले वेगळे, फळबागवाले वेगळे, पिकांचे वेगळे, तीन माणसं तीन वेळा यायची. आता सगळं एका सहायकाकडं. ऐकायला सोय आहे. पण आमच्या सहायकाकडं चार गावं आहेत आणि कामं अशी: अतिवृष्टीचे पंचनामे, पीक कापणी प्रयोग, शेतीशाळा, कीड सर्वेक्षण, माती नमुने, ठिबकची मोका तपासणी, शेतकरी ओळख क्रमांकाची शिबिरं. बसायला गावात खोली नाही. तो आमच्या देवळाच्या ओट्यावर बसून मोबाईलमध्ये माहिती भरतो. २०२५ ला त्याचं पदनाम ‘सहायक कृषी अधिकारी’ झालं. गावानं टाळ्या वाजवल्या, आणि ओटा तोच राहिला.

महाडीबीटीचं, म्हणजे योजनांचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलचं, म्हणाल तर माझं मत दोन्हीकडं आहे. पूर्वी यादी कुणाच्या तरी टेबलाच्या खणात असायची आणि आधी ‘वरच्या आळीची’ नावं लागायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्टलनं ते बरंच मोडलं. सोडतीत माझं नाव निघालं तेव्हा माझ्यामागं कुणीही नव्हतं, मोबाईलवर सरळ संदेश आला. हे मोठं आहे. पण त्या संदेशानंतरचा रस्ता! ठिबकचा माझा प्रवास ऐका. निवड झाली. सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, कोटेशन चढवलं. आधारवर माझं नाव नवऱ्याच्या नावासकट, सातबाऱ्यावर आडनावाच्या काना-मात्रेत फरक, परत. ते दुरुस्त केलं. पूर्वसंमती मिळाली. मग घोटाळा विक्रेत्याकडं झाला. त्यानं माल आधी उतरवला आणि बिलावर तारीख टाकली ती पूर्वसंमतीच्या दोन दिवस आधीची. पूर्वसंमतीच्या आधीची खरेदी म्हणजे अनुदान बाद. विक्रेता म्हणतो कार्यालयात सांगा, कार्यालय म्हणतं विक्रेत्याला सांगा. बिल बदलून घ्यायला तीन आठवडे, त्यात मृगाचा पाऊस होऊन गेला. मोका तपासणीला माणूस आला, नळ्या मोजल्या, माझा नळ्यांशेजारी उभं राहून फोटो काढला. पैसे जमा झाले ते अकरा महिन्यांनी. तोवर विक्रेत्याची उधारी मी डाळिंबाच्या बहरातून फेडली.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती इथं लिहिते. जाहिरातीत असतं, अल्पभूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के. केंद्राच्या योजनेतून ५५ नि ४५, वरचे राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. बरोबर आहे. पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, शासनाच्या मापदंडावर असतात. मी बिलाचे ८० टक्के येणार म्हणून बोटं मोजून बसले होते, हाती आले ते बिलाच्या साठाच्या आसपास. फसवणूक नाही ही, नियम आहे. पण तो अर्ज करायच्या आधी कळला असता तर मी नळीची जाडी विचार करून घेतली असती.

पीकविम्याच्या शिव्याही बिचारं हेच कार्यालय खातं, म्हणून थोडं त्यांच्या बाजूनं. विमा कंपनीचा. कृषीवाले पीक कापणी प्रयोगाला उभे असतात, एवढंच. आमच्या ज्वारीत एकदा तो प्रयोग पडला होता. दहा मीटर बाय पाच मीटरची दोरी ठोकायची, आतली कणसं तेवढी कापायची, मळायची, तोलायची. दोरी ठोकताना निम्मं गाव बांधावर. “साहेब, इकडं सरकवा, इकडं पातळ आहे.” सहायक घामाघूम. त्यानं आकड्यांनी निघालेल्या जागेपासून दोरी एक फूटसुद्धा हलवली नाही. गावानं त्याला आठवडाभर चहा विचारला नाही. मी विचारला.

जायचंच असेल तर माझे अनुभवाचे बोल. मार्च अखेरीला जाऊ नका, तेव्हा सगळे खर्च दाखवण्यात बुडालेले असतात. दुपारी जेवणानंतर जाण्यापेक्षा सकाळी दहाला दारात उभं राहा. बाईमाणूस असाल तर नवऱ्याला बरोबर नेऊ नका. नेलं की टेबलापलीकडचा त्याच्याशीच बोलतो, जमीन तुमच्या नावावर असली तरी. मी आता एकटी जाते, कागदांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर ठेवते आणि काम होईपर्यंत हलत नाही. ‘शेतकरी’ मासिकाचे जुने अंक कोपऱ्यात असतात, वाट बघताना चाळा. जाहिरातींच्या पत्रकांपेक्षा कितीतरी बरे असतात.

तारे द्यायचे तर: शेतात येणारी माणसं साडेचार, कार्यालय अडीच, पोर्टल तीन. वाण आणि माती-पाण्याच्या जुन्या कामाला पाचच्या वर असेल ते. सरासरी काढू नका. हे निरनिराळ्या लोकांचं काम आहे.

शेवटचा अनुभव ताजा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की सीनेला महापूर आला. आम्ही नदीपासून लांब, पण मामंजींची ताल सांडव्यापाशी फुटली आणि गाळ खाली वाहून गेला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघं मिळून पंचनाम्याला आले, पिकाचं नुकसान लिहून गेले. तालीचं विचारायला मी कार्यालयात गेले. तिथं कळलं, मृद व जलसंधारणाचं खातं २०१७ पासून वेगळं झालंय, तिकडं विचारा. म्हणजे ज्या कामामुळं मी या खात्याला डोक्यावर घेते, त्याच्या दुरुस्तीची खिडकीच या इमारतीत नाही. मी काही बोलले नाही, पिशवी उचलली.

आमचा सहायक जिन्यात भेटला. म्हणाला, “काकू, तुम्ही जेसीबी सांगा, रविवारी येतो.” रविवारी आला, सुट्टीच्या दिवशी, मोटारसायकलवर गुंडाळलेली पारदर्शक नळी घेऊन. नळीत पाणी भरलं, एक टोक त्यानं धरलं, एक मी, आणि पाणी दोन्हीकडं सारखं आलं तिथं चुना टाकत फुटलेल्या जागेपासून पुढं सरकलो. मामंजी बाजेवर बसून बघत होते. ओळ सापासारखी वळत गेली तशी ते हसायला लागले. “हां, अशीच होती.” संध्याकाळपर्यंत ताल पूर्ववत. जेसीबीचे पैसे आमचे, सांडव्याचे दगड आमचे. नळी त्याची.

सातबाऱ्यावरचा ‘बंडिंग बोजा’ काढायला तलाठी भाऊसाहेबांकडं अर्ज दिलाय. ते मात्र महसूल खातं. त्यांचा अभिप्राय वेगळा लिहीन, काम झाल्यावर.